एक संगणक, चार खाती, एक फोल्डर: लिनक्सवर परवानग्या आणि गट नीट कसे लावायचे

दिवाळी अंकाच्या कचेरीत ऑगस्टात एक फाईल जन्माला येते आणि ऑक्टोबरपर्यंत तिची पाच पिल्लं होतात. ‘कथा-०७’, ‘कथा-०७-दुरुस्त’, ‘कथा-०७-अंतिम’, ‘कथा-०७-अंतिम-नक्की’ आणि शेवटी ‘हीच-घ्या’. मी जिथला संगणक सांभाळतो तिथे याला सगळे बेशिस्त म्हणायचे, मीही म्हणायचो. मग एका दुपारी मुद्रितशोधक काकांच्या शेजारी बसून नुसतं बघत राहिलो. त्यांनी मांडणीवाल्या पोराने ठेवलेली कथा उघडली. लिब्रेऑफिसने वर पट्टी दाखवली: केवळ वाचण्यासाठी. काकांनी चकार शब्द न काढता ‘सेव्ह अ‍ॅज’ केलं, नावापुढे ‘दुरुस्त’ जोडलं आणि कामाला लागले. दोन महिने ते हेच करत होते. बेशिस्त त्यांची नव्हती. परवानग्या मी चुकीच्या लावल्या होत्या.

संगणक एकच, त्यावर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. खाती चार: संपादक, शोधन, मांडणी, हिशेब. सगळ्यांनी मिळून वापरायचा फोल्डर एक. तो असा लावायचा की कुणीही केलेली फाईल गटातल्या कुणालाही उघडून दुरुस्त करता यावी, बाहेरच्याला ती दिसूही नये, आणि एकदा लावल्यावर रोज उठून परवानग्या दुरुस्त कराव्या लागू नयेत. यातली तिसरी अट लोक विसरतात, आणि खरं काम तिथेच असतं. डेबियन, फेडोरा, मिंट या लिनक्सच्या इतर प्रकारांवरही पुढचं जवळजवळ जसंच्या तसं चालतं.

‘एवढं कशाला, सगळ्यांना एकच खातं द्या,’ असं सुचवणारा एक जण प्रत्येक कचेरीत असतो. ते करू नका. एक खातं म्हणजे एक पासवर्ड, तो मॉनिटरला चिकटवलेल्या कागदावर, आणि पान कुणी उडवलं याचं उत्तर कायमचं ‘माहीत नाही’.

कमांड मी फोनवरून सांगतो तशाच लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे. ‘मोठा’ असं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं लहान. सीएचमॉड म्हणजे सी-एच-एम-ओ-डी, सीएचजीआरपी म्हणजे सी-एच-जी-आर-पी, एसआरव्ही म्हणजे एस-आर-व्ही, आणि गटाचं नाव ‘अंक’ म्हणजे ए-एन-के.

आधी रोग बघू

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून त्या फोल्डरात गेलो आणि फाईलींची तपशीलवार यादी दाखवणारी एलएस -एल ही कमांड मारली. काकांच्या कथेची ओळ अशी होती:

- आर डब्ल्यू -   आर डब्ल्यू -   आर - -   १   मांडणी   मांडणी   कथा-०७.ओडीटी

पहिलं चिन्ह प्रकार सांगतं: आडवी रेघ म्हणजे फाईल, डी म्हणजे फोल्डर. पुढे तीन-तीनचे तीन घास. पहिला मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा उरलेल्या जगाचा. आर म्हणजे वाचणं, डब्ल्यू म्हणजे लिहिणं, एक्स म्हणजे चालवणं. आकड्यांत आर ४, डब्ल्यू २, एक्स १. बेरीज केली की घासाचा आकडा मिळतो. वरची फाईल म्हणजे ६६४.

आता नीट बघा. गटाला लिहायची परवानगी आहे. मग काका का अडले? कारण पुढची दोन नावं. पहिलं ‘मांडणी’ हे मालकाचं, दुसरं ‘मांडणी’ हे गटाचं. उबुंटू आणि डेबियनवर खातं उघडलं की त्याच नावाचा एक खासगी गट तयार होतो आणि त्यात तो एकटाच असतो. म्हणजे परवानगी गटाला होती, पण गटात दुसरं माणूसच नव्हतं. काका पडले तिसऱ्या घासात, उरलेल्या जगात, आणि तिथे नुसतं आर.

पडताळणी कशी होते तेही इथेच सांगतो, कारण पुढे ते डोकं खातं. तुम्ही मालक असाल तर फक्त पहिला घास बघितला जातो, पुढचे नाही. मालक नसाल पण गटात असाल तर फक्त दुसरा. दोन्ही नसाल तर तिसरा. एका घासात अडला म्हणून पुढच्यात सुटला असं होत नाही. फाईल स्वतःची, पण मालकाच्या घासात काही नाही आणि गटाला सगळं, अशा फाईलला मालक स्वतःच मुकतो.

फोल्डरचा डब्ल्यू वेगळा असतो

फाईलचा डब्ल्यू म्हणजे आतला मजकूर बदलणं. फोल्डरचा डब्ल्यू म्हणजे त्या फोल्डरातली नावं बदलणं: नवी फाईल करणं, नाव बदलणं आणि पुसणं. फोल्डरचा आर म्हणजे आत काय आहे ती यादी बघणं, आणि एक्स म्हणजे आत पाऊल टाकणं. एक्स नसेल तर आतल्या फाईलवर कितीही उदार परवानगी असो, तिथवर पोचताच येत नाही.

याचा परिणाम बऱ्याच जणांना पटत नाही: फाईल पुसायला फाईलवरची परवानगी लागत नाही, ती ज्या फोल्डरात आहे त्याच्यावरची लागते. आमचा फोल्डर मी सुरुवातीला ७७७ करून ठेवला होता. त्यामुळे काकांना पोराच्या कथेतला एक अनुस्वार दुरुस्त करता येत नव्हता, पण अख्खी कथा पुसून टाकता आली असती.

७७७ हे या धंद्यातलं पॅरासिटामॉल आहे. ताप उतरतो, रोग राहतो. फोल्डरला ७७७ केल्याने आत नव्याने होणाऱ्या फाईलींवर काडीचाही परिणाम होत नाही. म्हणून दोन दिवसांनी परत अडतं, परत कुणीतरी ७७७ मारतं, या वेळी सगळ्या पिलावळीसकट.

गट तयार करा, माणसं घाला

सुडो ग्रुपअ‍ॅड अंक

सुडो म्हणजे पुढची कमांड रूटच्या, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालवणं. आता एकेकाला आत घ्या:

सुडो युजरमॉड -ए -जी अंक शोधन

यात जी मोठा, ए लहान. संपादक, मांडणी, हिशेब यांच्यासाठीही तेच. तो लहानसा ए म्हणजे ‘जोड’. तो गाळला तर कमांड चिडत नाही, चूक दाखवत नाही. शांतपणे त्या खात्याचे बाकीचे सगळे जास्तीचे गट काढून टाकते आणि फक्त ‘अंक’ ठेवते. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी स्वतःच्या खात्यावर ए विसरलो आणि ‘सुडो’ गटातून बाहेर पडलो. बाकीच्यांना ‘नवा गट लागू व्हायला लॉगआउट करा’ असं बजावत होतो, म्हणून स्वतःही शहाण्यासारखा लॉगआउट झालो. परत आलो तो सामान्य प्रजाजन होऊन. यंत्रावर सुडोचा अधिकार असलेलं दुसरं खातं नव्हतं.

त्यातून बाहेर पडायचा रस्ता लिहून ठेवा. यंत्र परत सुरू करा, ग्रबच्या, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या, यादीतून रिकव्हरी मोड, त्यातून रूट शेल. तिथे आधी डिस्क लिहिण्याजोगी करायची:

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /

आणि मग युजरमॉड -ए -जी सुडो, पुढे आपलं नाव. त्या दिवसापासून मी सुडोचा अधिकार असलेलं एक दुसरं खातं ठेवतो, त्याचा पासवर्ड संपादकबाईंच्या कपाटात बंद पाकिटात असतो.

गटात घातलं तरी ते लगेच लागू होत नाही. गट कुठले हे लॉगिनच्या वेळी ठरतं आणि बैठक संपेपर्यंत तेच राहतं. म्हणून प्रत्येकाने पूर्ण लॉगआउट करून परत यायचं. नुसता स्क्रीन लॉक करून उघडणं म्हणजे लॉगआउट नव्हे, हे मला किमान तीनदा सांगावं लागलं. शंका असेल तर यंत्रच रीस्टार्ट करा. नंतर आयडी ही दोन अक्षरांची कमांड मारली की आपण कुठल्या गटांत आहोत ते दिसतं. ‘अंक’ त्यात दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. फक्त त्या टर्मिनलपुरतं हवं असेल तर ‘न्यूजीआरपी अंक’ चालतं, पण लिब्रेऑफिसला त्याचा पत्ता नसतो.

फोल्डर आणि तो एक ‘एस’

सगळ्यांचा फोल्डर कुणाच्या होममध्ये, म्हणजे एखाद्या खात्याच्या स्वतःच्या फोल्डरात, ठेवू नका. उबुंटूवर २१.०४ पासून नव्या खात्यांची होम ७५० असते, म्हणजे परका आत पाऊलच टाकू शकत नाही; आणि मग कुणीतरी आपली होम उघडी करून बसतं. /एसआरव्ही ही जागा अशा सामायिक गोष्टींना सोयीची आहे.

सुडो एमकेडीआयआर /एसआरव्ही/अंक
सुडो सीएचजीआरपी अंक /एसआरव्ही/अंक
सुडो सीएचमॉड २७७० /एसआरव्ही/अंक

७७० कळलं असेल: मालकाला सगळं, गटाला सगळं, जगाला शून्य. पुढचा २ ही या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. त्याला सेटजीआयडी म्हणतात. फोल्डरवर तो असला की आत जन्मणारी प्रत्येक फाईल करणाऱ्याचा खासगी गट न घेता फोल्डरचा गट घेते, आणि आत केलेला नवा फोल्डर हा २ सुद्धा वारशात घेतो. पोराने कथा केली तर तिच्यावर ‘मांडणी मांडणी’ न येता ‘मांडणी अंक’ येतं. काका ‘अंक’मध्ये आहेत, म्हणजे आता ते दुसऱ्या घासात.

एलएस -एल -डी मारून बघा:

डी   आर डब्ल्यू एक्स   आर डब्ल्यू एस   - - -   रूट   अंक   /एसआरव्ही/अंक

गटाच्या एक्सच्या जागी एस आला पाहिजे. मोठा एस दिसला तर सेटजीआयडी लागला आहे पण खालचा एक्स राहून गेला आहे. तो आधी द्या. या एसचा थोरला भाऊ सेटयूआयडी, म्हणजे कार्यक्रम चालवणाऱ्याच्या नव्हे तर मालकाच्या अधिकाराने चालवायची युक्ती. ती डेनिस रिची यांची, आणि अमेरिकेत तिचं पेटंट १९७९ साली मिळालं. मॅकवर मात्र फोल्डरचा गट नव्या फाईलला असाच, काही न सांगता लागतो. तिथून आलेला माणूस लिनक्सवर हमखास इथेच ठेचकाळतो.

आणखी एक बारकावा. एकदा सेटजीआयडी लावल्यावर फोल्डरला नुसतं ७७० मारलं तर लिनक्सवरचा सीएचमॉड तो २ काढत नाही, सांभाळून ठेवतो. खरंच काढायचा असेल तर जी-एस असं अक्षरांनी सांगा.

यूमास्क: इथे बहुतेक जण सोडून देतात

गट सुटला, पण गटाला डब्ल्यू मिळेल का? नवी फाईल होताना कार्यक्रम बहुधा ६६६ मागतो, फोल्डरला ७७७. त्यातून यूमास्क आपला वाटा कापून घेतो. यूमास्क ०२२ असेल तर गटाचा आणि जगाचा डब्ल्यू जातो, फाईल होते ६४४. ००२ असेल तर फक्त जगाचा जातो, फाईल ६६४. आपल्याला ००२ हवा.

नुसतं यूमास्क टाइप करा, आकडा दिसेल. पुढे एखादं शून्य जास्त असेल, त्याने बिघडत नाही. ज्या खात्यांचा स्वतःच्या नावाचा खासगी गट असतो त्यांना उबुंटूवर बहुधा ००२ च मिळतो. वर पोराच्या फाईलवर गटाला डब्ल्यू दिसला तो म्हणूनच. ०२२ दिसला तर त्या खात्याच्या होममधल्या .प्रोफाइल या फाईलच्या शेवटी एक ओळ घाला:

यूमास्क ००२

अडचण अशी, की टर्मिनलमध्ये एक यूमास्क आणि मेन्यूतून उघडलेल्या लिब्रेऑफिसला दुसरा, असं होऊ शकतं. .प्रोफाइल कोण वाचतं, कधी वाचतं हे लॉगिनच्या तऱ्हेवर अवलंबून असतं. म्हणून टर्मिनलमध्ये तपासून समाधान मानू नका. ज्या कार्यक्रमातून रोजचं काम होतं त्यातूनच एक फाईल सेव्ह करा आणि मग एलएस -एल मारा. आमच्याकडे संपादकबाईंच्या खात्यावर असाच फरक निघाला. त्याच्या मागे मी एक संध्याकाळ घालवली आणि मग नाद सोडून एसीएलकडे वळलो.

एसीएल: यूमास्कला बगल

एसीएल म्हणजे परवानग्यांची लांब यादी. तीन घासांत मावत नाही ते तिच्यात मावतं. तिचा सगळ्यात मोठा फायदा ‘डीफॉल्ट’ यादीचा: फोल्डरवर ती लावली की आत जन्मणाऱ्या फाईलला यूमास्क लागतच नाही, यादीतलं लागतं.

सुडो सेटएफएसीएल -डी -एम जी::आरडब्ल्यूएक्स /एसआरव्ही/अंक
सुडो सेटएफएसीएल -डी -एम ओ::- /एसआरव्ही/अंक

जी पुढे दोन कोलन आणि मध्ये नाव नाही, म्हणजे ‘जो गट फोल्डरचा असेल तो’. दुसऱ्या ओळीतला ओ म्हणजे उरलेलं जग, त्याला काही नाही. कमांड सापडली नाही तर एसीएल नावाचं पॅकेज घ्या.

आरडब्ल्यूएक्स दिलं म्हणून प्रत्येक कथा चालवण्याजोगी होईल का? नाही. लिब्रेऑफिस मुळात एक्स मागतच नाही, म्हणून फाईलला आरडब्ल्यू मिळतं. फोल्डर केला तर एक्स मागितला जातो आणि मिळतो. माझं मत विचाराल तर चार माणसांच्या कचेरीत सेटजीआयडी अधिक डीफॉल्ट एसीएल एवढं लावा आणि यूमास्कच्या मागे धावू नका.

एसीएल लावल्यावर एलएस -एलमध्ये परवानग्यांच्या शेवटी अधिकचं चिन्ह येतं. ते दिसलं की समजा, इथे तीन घास पुरी गोष्ट सांगत नाहीत. गेटएफएसीएल मारून बघा. त्यात ‘मास्क’ नावाची ओळ दिसली तर ती कमाल मर्यादा: यादीत गटाला किंवा नावानिशी कुणाला काहीही दिलेलं असो, मास्कपेक्षा जास्त मिळत नाही. मास्क आला की एलएसमधला मधला घास गटाचा न राहता मास्कचा होतो. म्हणून अशा फाईलवर सीएचमॉड जी-डब्ल्यू मारलं तर मास्क आवळला जातो आणि मालक सोडून यादीतल्या सगळ्यांचं लिहिणं एकदम बंद पडतं.

उमेदवाराचं उदाहरण घ्या. सुट्टीत एक कॉलेजची मुलगी प्रुफं वाचायला शिकायला आली. तिने ‘प्रुफं’ हा एक फोल्डर वाचावा, लिहू नये, बाकी काही बघू नये. तिला ‘अंक’ गटात घातलं तर सगळंच उघडं. तीन कमांडचं काम:

सुडो सेटएफएसीएल -एम यू:उमेदवार:एक्स /एसआरव्ही/अंक
सुडो सेटएफएसीएल -आर -एम यू:उमेदवार:आर,एक्स /एसआरव्ही/अंक/प्रुफं
सुडो सेटएफएसीएल -आर -डी -एम यू:उमेदवार:आर,एक्स /एसआरव्ही/अंक/प्रुफं

-आर मोठा, म्हणजे आतल्या सगळ्यासकट. परवानगीतला आर लहान, त्याला चिकटून मोठा एक्स. मधला स्वल्पविराम मी वाचायच्या सोयीला दिला आहे, टाइप करू नका. पहिली ओळ लोक विसरतात: बाहेरच्या फोल्डरातून आत जायला तिला तिथे एक्स हवाच. आर दिला नाही, म्हणून ‘अंक’मधली यादी तिला दिसत नाही, पण ‘प्रुफं’चा पत्ता ठाऊक असल्याने ती तिथे थेट पोचते. वाड्याच्या चौकातून जायची मुभा, खोल्यांत डोकवायची नाही.

जुना पसारा

इथवर केलेलं सगळं पुढच्या फाईलींसाठी. आधीच्या दोनशे फाईली आहेत तशाच आहेत. त्यांना हात लावायच्या आधी आत्ताच्या परवानग्यांची नोंद काढून ठेवा:

गेटएफएसीएल -आर -पी /एसआरव्ही/अंक > जुन्या-परवानग्या

पुढे सुडो लावा. आर मोठा, पी लहान. काही बिघडलं तर सुडो सेटएफएसीएल --रिस्टोअर=जुन्या-परवानग्या मारल्यावर मालक, गट, परवानग्या सगळं जागेवर येतं. परवानग्यांच्या बाबतीत ‘अनडू’ एवढाच, आणि तो आधी केला असेल तरच मिळतो.

मग:

सुडो सीएचजीआरपी -आर अंक /एसआरव्ही/अंक
सुडो सीएचमॉड -आर जी+आरडब्ल्यूएक्स,ओ-आरडब्ल्यूएक्स /एसआरव्ही/अंक
सुडो फाइंड /एसआरव्ही/अंक -टाइप डी -एक्झेक सीएचमॉड जी+एस {} +

आर दोन्हीकडे मोठा. दुसऱ्या ओळीत जी+ च्या पुढचा एक्स मोठा घ्या, ओ- च्या पुढचा लहान. मोठा एक्स म्हणजे ‘फोल्डर असेल तर एक्स दे, फाईल असेल तर आधी कुणाला एक्स असेल तरच दे’. लहान घेतला तर प्रत्येक कथा, प्रत्येक चित्र चालवण्याजोगं होतं. शेवटची ओळ फक्त फोल्डर शोधून त्यांना सेटजीआयडी लावते. आत आधीपासून फोल्डर असतील तर मघाच्या डीफॉल्ट एसीएलच्या दोन ओळी मोठ्या आर सकट परत चालवा. वारसा नव्या फोल्डरांना मिळतो, जुन्यांना नाही. आणि उमेदवाराच्या ओळी या सगळ्याच्या नंतरच चालवा.

मोठ्या आरची कमांड मारताना एंटरच्या आधी पत्ता मोठ्याने वाचा. /एसआरव्ही नंतर चुकून मोकळी जागा पडली तर एकाच्या जागी दोन पत्ते होतात. आणि नुसत्या तिरप्या रेघेवर, म्हणजे अख्ख्या यंत्रावर, ७७७ गेलं तर सुडोसुद्धा काम करायचं नाकारतो आणि दुसऱ्या यंत्रावर लॉगिन करून देणारा एसएसएच खासगी किल्ली ‘फार उघडी आहे’ म्हणून फेटाळतो. तिथे रिस्टोअरला काही नोंदच नसते. मी असं यंत्र एकदा पाहिलं आहे, शेवटी ते पुसून नव्याने बसवलं.

ओढून आणलेली फाईल

सगळं लावून झालं, आठवडा सुखात गेला, आणि काकांचा फोन: ‘अहो, परत ती पट्टी आली.’

पोराने चित्र स्वतःच्या डेस्कटॉपवर तयार केलं आणि माउसने ओढून सामायिक फोल्डरात टाकलं होतं. एकाच डिस्कवर ओढलं की फाईल हलते, नवी होत नाही. नवा जन्म नाही म्हणजे वारसा नाही. सेटजीआयडी नाही आणि डीफॉल्ट एसीएलही नाही. ती आपला जुना गट, जुन्या परवानग्या घेऊन येते. टर्मिनलमध्ये एमव्हीचं असंच. कॉपी केली, म्हणजे सीपी, तर नवी फाईल जन्मते आणि फोल्डरचा गट घेते. पण सीपी -पी केलं तर जुनं सगळं जपायचा प्रयत्न होतो, म्हणून ते इथे नको.

उपाय साधा आहे, सवयीचा आहे: ओढताना कंट्रोल दाबून धरायचं, म्हणजे कॉपी होते. किंवा काम पहिल्यापासून सामायिक फोल्डरातच सुरू करायचं. पोरगा दोन्ही विसरतो, म्हणून मी रोज रात्री वरच्या सीएचजीआरपी आणि सीएचमॉडच्या ओळी रूटच्या क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड मारणाऱ्या सोयीतून, चालवतो. यात सुंदर काही नाही, पण काकांचा फोन थांबला.

पेनड्राइव्हचं वेगळंच. बाहेरून येणारे पेनड्राइव्ह बहुतेक फॅट३२ किंवा एक्सफॅटचे असतात आणि त्यांवर युनिक्सच्या परवानग्या साठवल्याच जात नाहीत. तिथे सीएचमॉड मारत बसू नका. सगळ्या फाईलींचा मालक आणि परवानग्या माउंट करताना ठरतात.

चिकट बिट

/टीएमपी या तात्पुरत्या फाईलींच्या फोल्डरवर एलएस -एल -डी मारलं तर शेवटी टी दिसतो, तोच चिकट बिट, आकडा १७७७. तिथे कुणीही फाईल करू शकतो, पण दुसऱ्याची पुसू शकत नाही; फाईलचा मालक, फोल्डरचा मालक किंवा रूट, एवढ्यांनाच पुसता येतं. ऐकायला हे आपल्यालाही हवंसं वाटतं आणि मी लावूनही पाहिलं: ३७७०. दोन दिवसांत काढलं. बरेच एडिटर सेव्ह करताना नवी तात्पुरती फाईल लिहितात आणि ती जुन्या नावावर आणून बसवतात. हे नाव बदलणं म्हणजे जुनी फाईल पुसणंच, आणि दुसऱ्याची फाईल असेल तर टी ते अडवतो. एकमेकांच्या फाईली दुरुस्त करायच्या असतील तर टी नको; पुसण्याची भीती वाटत असेल तर रोजचा बॅकअप घ्या. ‘आवक’ नावाचा, ज्यात लेखन नुसतं टाकायचं असतं, अशा फोल्डरला मात्र टी शोभतो.

अडलंच तर कुठे बघायचं

पहिलं, अडलेल्या माणसाच्या बैठकीतून आयडी. गटच लागू नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. दुसरं, नेमआय -एल आणि पुढे फाईलचा पूर्ण पत्ता. ही कमांड फार कमी लोकांना माहीत आहे आणि माझी सगळ्यात लाडकी आहे: तिरप्या रेघेपासून फाईलपर्यंतच्या प्रत्येक पायरीच्या परवानग्या एकाखाली एक दाखवते. दहापैकी चार वेळा फाईल निर्दोष असते आणि मधल्याच एखाद्या फोल्डरला एक्स नसतो. तिसरं, अधिकचं चिन्ह असेल तर गेटएफएसीएल.

त्या माणसाच्या जागी स्वतः तपासायचं असेल तर ‘सुडो -यू शोधन टच /एसआरव्ही/अंक/चाचणी’ असं करता येतं. फाईल झाली आणि तिचा गट ‘अंक’ आला की गटापुरतं ठीक. डीफॉल्ट एसीएल लावलेली नसेल तर डब्ल्यूबद्दल मात्र यावरून निकाल देऊ नका, कारण सुडो स्वतःचा यूमास्क मध्ये आणतो.

आणि कधीकधी परवानगीचा काही संबंधच नसतो. लिब्रेऑफिस फाईल उघडताना शेजारी एक लपलेली कुलूपफाईल करतं. वीज गेली की ती तशीच राहते आणि ‘कुणीतरी वापरत आहे’ असा निरोप येत राहतो. एलएस -ए मारा; .~लॉक ने सुरू होणारं नाव दिसेल. खरोखर कुणी ती फाईल उघडून बसलेलं नाही याची खात्री करून ते पुसा.

माणूस जातो तेव्हा

मांडणीवाल्या पोराला नोव्हेंबरात दुसरीकडे नोकरी लागली. खातं लगेच पुसू नका. आधी कुलूप लावा, सुडो युजरमॉड -एल मांडणी, एल मोठा. मग गटातून काढा:

सुडो जीपासडब्ल्यूडी -डी मांडणी अंक

मी घाई केली आणि खातं पुसून मोकळा झालो. त्याच्या कथांवर मालकाच्या जागी नाव जाऊन १००३ हा आकडा दिसू लागला, कारण डिस्कवर नाव कधी नसतंच, क्रमांक असतो. आणि सगळ्यात शेवटचं खातं काढलं की पुढच्या नव्या खात्याला बहुधा तोच क्रमांक मिळतो. जानेवारीत नवी मुलगी मांडणीला आली, खातं उघडलं, १००३. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, ‘दादा, मी अजून काहीच केलेलं नाही, मग एवढ्या कथा माझ्या नावावर कशा?’

म्हणून खातं पुसल्यावर, नवं उघडायच्या आधी, हे मारायचं:

सुडो फाइंड / -एक्सडेव्ह -नोयूजर

बेवारस फाईलींची यादी येते. ज्याच्या ताब्यात द्यायच्या त्याच्या नावाने सीएचओन करायचं. मालक बदलणं फक्त रूटला जमतं, गट मात्र मालक स्वतः ज्या गटात आहे त्यातला कुठलाही देऊ शकतो. आमच्याकडे त्या कथा संपादकबाईंच्या नावावर केल्या. ‘हीच-घ्या’ सकट.